मेटासर्च यंत्रें व संशोधकाचा साक्षिविचार

(१)

ऐतिहासिक साधनांचा शोध करणाऱ्या मंडळींत अलीकडे एक नवा प्रमाणप्रकार रूढ होऊं पाहत आहे. एखाद्या पत्राविषयीं, पोथीविषयीं किंवा व्यक्तीविषयीं विधान करावयाचें आणि त्यास आधार म्हणून ‘महाजालावर अनेक ठिकाणीं असेंच आढळतें’ एवढेंच लिहावयाचें. किंवा याच्या उलट, ‘सर्वत्र शोध केला, अशी पोथी उपलब्ध नाहीं’ असा निर्णय देऊन मोकळें व्हावयाचें. अशा विधानांच्या मागें पुष्कळदां एकच साधन असतें. अनेक शोधयंत्रांस एकाच वेळीं प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें एकत्र करून देणारें जें मेटासर्च यंत्र, तें हें होय. या साधनाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याचा उपयोग आहे, व तो मोठा आहे. परंतु जें साधन प्रमाण म्हणून पुढें केलें जातें त्याचें प्रामाण्य तपासणें हें संशोधकाचें पहिलें कर्तव्य होय. म्हणून हें यंत्र चालतें कसें, त्याचे गुणदोष कोणते, आणि त्याच्या उत्तरावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

(२)

मूळ कल्पना आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. जर्मन पंडित थिओडोर आउफ्रेक्ट यानें ‘कॅटलोगस कॅटलोगोरम’ नांवाचा ग्रंथ लाइप्झिग येथें १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत प्रसिद्ध केला. नांवाचा अर्थच ‘सूचींची सूची’. ठिकठिकाणच्या संस्कृत हस्तलिखितांच्या याद्या घेऊन त्यानें ग्रंथ व ग्रंथकार यांचा वर्णानुक्रमानें एक कोश केला, आणि कोणती नोंद कोणत्या यादींतून घेतली तें संक्षेपाक्षरांनीं दाखविलें. मद्रास विद्यापीठानें याच पायावर नव्या सूचीचें काम १९३५ सालीं हातीं घेतलें. तिचा पहिला खंड १९४९ सालीं निघाला.

आउफ्रेक्टनें प्रत्येक पोथी स्वतः पाहिली नव्हती, तशी त्याची प्रतिज्ञाही नव्हती. मूळ यादी करणाऱ्यानें नांव चुकीचें वाचलें असेल तर ती चूक या सूचींतही उतरणार. परंतु संक्षेपाक्षर दिलेलें असल्यामुळें वाचकास मूळ यादीकडे व तेथून पोथीकडे जातां येतें. परत जाण्याची ही जी वाट, तीच या ग्रंथाची खरी किंमत होय. मेटासर्च यंत्र याच जातीचें आहे. भेद इतकाच कीं, आउफ्रेक्टनें याद्या वर्षानुवर्षें खपून आधीं गोळा केल्या. यंत्र तें काम प्रश्न विचारला जातो त्याच क्षणीं करतें. तेव्हां जी कसोटी आम्ही आउफ्रेक्टच्या ग्रंथास लावतों तीच या यंत्रास लावणें न्याय्य आहे.

(३)

साधें शोधयंत्र महाजालावरील पानें आधीं वाचून ठेवतें, त्यांतील शब्दांची सूची बनवितें, आणि कोणी शब्द दिला असतां त्या सूचींतून उत्तरें काढून क्रमानें मांडतें. शुद्ध मेटासर्च यंत्रापाशीं अशी स्वतःची सूची नसते. त्याचीं कामें चार. प्रश्न घेऊन तो निरनिराळ्या यंत्रांस समजेल अशा रीतीनें लिहिणें, हें पहिलें. तो सर्वांकडे एकदम पाठवून ठराविक मुदतीपर्यंत, बहुधा कांहीं सेकंदच, उत्तरांची वाट पाहणें, हें दुसरें. आलेल्या उत्तरांतील एकाच पानाच्या पुनरुक्ति काढून टाकणें, हें तिसरें. आणि उरलेल्या पानांचा एक क्रम लावणें, हें चौथें.

अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत एरिक सेल्बर्ग व ओरेन एट्झिओनी यांनीं १९९५ सालीं ‘मेटाक्रॉलर’ नांवाचें असें यंत्र केलें. लायकॉस, वेबक्रॉलर, इन्फोसीक इत्यादि तत्कालीन शोधयंत्रांस तें एकाच वेळीं प्रश्न करीत असे. १९९६ सालीं अमेरिकेंत ‘डॉगपाइल’ व जर्मनींत हानोव्हर येथें ‘मेटागेर’ हीं यंत्रें निघालीं. त्याच वर्षीं जर्मनींतील कार्ल्सरुहे विद्यापीठाच्या ग्रंथालयानें हीच रीति ग्रंथालयांच्या सूचींस लावून ‘कार्ल्सरुहे व्हर्च्युअल कॅटलॉग’ सुरू केला. १९९७ सालीं निघालेल्या ‘बुकफाइंडर’ या यंत्रानें तीच रीति जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांस लावली. आमच्या वाचकांच्या कामाचीं हीं शेवटचीं दोन होत.

चार कामांपैकीं चौथें, म्हणजे क्रम लावण्याचें काम, सर्वांत नाजूक आहे व तेथेंच वादाचें मूळ आहे. निरनिराळीं यंत्रें आपापल्या उत्तरांस जे गुण देतात ते बहुधा बाहेर सांगत नाहींत, आणि सांगितले तरी त्यांचें माप एक नसतें. म्हणून जमा करणाऱ्या यंत्रास गुणांऐवजीं स्थानांवर, म्हणजे कोणतें पान कोणत्या यादींत कितवें आलें यावर, भिस्त ठेवावी लागते. फॉक्स व शॉ यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक रीति अशी होती कीं, पानास मिळालेल्या गुणांची बेरीज करून, तें जितक्या याद्यांत आलें त्या संख्येनें ती गुणावी. कॉर्मॅक, क्लार्क व ब्यूट्शर यांनीं २००९ सालीं सुचविलेली रीति केवळ स्थानांवर चालते व फार सोपी आहे. पहिल्या स्थानास एक भागिले एकसष्ट, दहाव्या स्थानास एक भागिले सत्तर, याप्रमाणें अपूर्णांक द्यावयाचे व सर्व याद्यांतील अपूर्णांकांची बेरीज करावयाची. समजा, एक पान एकाच यादींत पण पहिल्या स्थानीं आहे. त्याची बेरीज सुमारें ०.०१६४. दुसरें पान तीन याद्यांत, पण प्रत्येक यादींत दहाव्या स्थानीं आहे. त्याची बेरीज सुमारें ०.०४२९. अर्थात् दुसरें पान वर जातें. तीन मध्यम साक्षीदार एका उत्तम साक्षीदारास हरवितात, असा या गणिताचा इत्यर्थ आहे.

(४)

गुणांचा विचार प्रथम करूं. विस्तार हा पहिला गुण. लॉरेन्स व गाइल्स या दोघां संशोधकांनीं १९९८ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत दाखविलें कीं, त्या वेळचें कोणतेंही एक शोधयंत्र महाजालाच्या सूचियोग्य भागाच्या सुमारें एक तृतीयांशाहून अधिक व्यापीत नव्हतें, आणि सहा यंत्रें एकत्र केलीं असतां सरासरी एका यंत्राच्या सुमारें साडेतीनपट क्षेत्र हातीं येत होतें. मेटासर्चच्या बाजूनें याहून बळकट युक्तिवाद सांपडणें कठीण. शोधयंत्रें पुढें मोठीं झालीं तरी ग्रंथालयांच्या बाबतींत हा युक्तिवाद कायम आहे. कारण तेथें प्रत्येक सूची आपल्याच संग्रहापुरती असते, आणि पोथ्या तर देशोदेशीं पांगलेल्या आहेत.

श्रम व काळ यांची बचत हा दुसरा गुण. वीस ग्रंथालयांच्या सूची एकामागून एक पाहण्याचें काम एका प्रश्नांत होतें. दुर्मिळ छापील पुस्तकाची किंमत चार देशांतील विक्रेत्यांकडे किती आहे हें संग्राहकास एका दृष्टिक्षेपांत कळतें. तिसरा गुण गुप्ततेचा. प्रश्न मधल्या यंत्रामार्फत जात असल्यानें मूळ शोधयंत्रास विचारणाऱ्याची ओळख पटत नाहीं. आपण कशाच्या मागावर आहों हें बाहेर फुटूं नये असें ज्यांस वाटतें, त्या संग्राहकांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. मात्र मधला मनुष्य सर्व ऐकतो हें विसरूं नये. गुप्तता त्याच्या सचोटीइतकीच असते.

(५)

आतां दोष. सर्वांत मोठा दोष साक्षींच्या स्वातंत्र्याचा आहे. अनेक याद्यांत जें सांपडतें तें अधिक विश्वसनीय, हें गृहीत धरूनच यंत्राचें सर्व गणित चालतें. हें गृहीत खरें केव्हां? याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हांच. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा आहे. एका पोथीवरून नकललेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार दहा वेळां बोललेला असतो. पोथ्या मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढतांना डॉ. सुकथनकर यांनीं हेंच तत्त्व पाळलें. परस्परांपासून स्वतंत्र अशा शाखांची एकवाक्यता त्यांनीं प्रमाण मानली. आणि शारदा लिपींतील मोजक्या सामग्रीस त्यांनीं जें वजन दिलें तें देवनागरी पोथ्यांच्या संख्याधिक्यास दिलें नाहीं.

ही कसोटी शोधयंत्रांस लावली म्हणजे चित्र निराळें दिसतें. नांवें पुष्कळ आहेत, पण महाजालाची स्वतःची मोठी सूची राखणारीं यंत्रें थोडीं आहेत: गूगल, मायक्रोसॉफ्टचें बिंग, रशियांतील यांडेक्स, आणि ब्रेव्ह व इंग्लंडांतील मोजीक यांसारखीं आणखी कांहीं. याहू या यंत्रानें २००९ च्या करारानंतर बिंगची सूची वापरावयास घेतली. डकडकगो याचीं सामान्य उत्तरें मुख्यत्वें बिंगमधून येतात. २३ मे २०२४ रोजीं बिंग बंद पडलें तेव्हां डकडकगो व इकोसिया हीं यंत्रेंही त्याबरोबर अडखळलीं. पोथ्यांचें गोत्र ठरवितांना आपण समान स्खलनें पाहतों. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणीं एकच चूक दिसली म्हणजे त्यांचें मूळ एक, असें अनुमान करतों. त्या दिवसाचें हें समान स्खलन तितकेंच बोलकें आहे. तेव्हां बिंग, याहू व डकडकगो या तिघांस एकच प्रश्न करून तिघांचें एकमत झाल्याचें जें यंत्र सांगतें, तें वस्तुतः एकाच सूचीस तीन वेळां मोजतें. वर दिलेल्या गणितांत तीन दहावीं स्थानें एका पहिल्या स्थानास हरवितात हें पाहिलेंच. तीं तीन दहावीं स्थानें एकाच मुळाचीं असतील तर स्वतंत्रपणें मिळालेलें खरें उत्तर केवळ नकलांच्या गर्दीखालीं दडपलें जातें.

यांत दुसरा पदर असा कीं, पानेंही एकमेकांवरून उतरलेलीं असतात. सभासदाच्या बखरीचा रचनाकाल कोठें १६९४ तर कोठें १६९७ असा छापलेला आढळतो. याचा निर्णय करावयाचा तर बखरीच्या उपलब्ध प्रती, त्यांतील शक-संवत्सराचा निर्देश व त्यांचा मेळ हें पाहिलें पाहिजे. कोणत्या सालाचीं पानें अधिक हें मोजून तो होणार नाहीं. कारण एका ज्ञानकोशांतील परिच्छेद शंभर पानांवर जसाच्या तसा उतरलेला असूं शकतो. यंत्र पुनरुक्ति काढतें खरें, परंतु बहुधा पत्ता एक असेल तरच. निराळ्या पत्त्यावरची तीच नक्कल त्यास निराळी साक्ष वाटते. यासच आमच्या शास्त्रांत अंधपरंपरा म्हणतात.

(६)

दुसरा मोठा दोष अभावाच्या निर्णयाचा. भाट्ट मीमांसक व अद्वैती वेदान्ती अनुपलब्धि हें प्रमाण मानतात, परंतु त्यास एक अट घालतात. वस्तु तेथें असती तर ती खात्रीनें दिसली असती, अशी परिस्थिति असेल तरच न दिसण्यावरून अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून तो नाहीं असें म्हणतां येत नाहीं. मेटासर्च यंत्राच्या ‘आढळलें नाहीं’ या उत्तरास ही योग्यता क्वचितच असते. त्याचीं कारणें तीन.

एक, विचारलेल्यांपैकीं कोणी उत्तरच दिलें नसेल. ऑक्टोबर २०२३ मध्यें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला व तिची सूची बंद पडली. मुख्य सूची जानेवारी २०२४ मध्यें वाचनापुरती पुन्हां खुली झाली. इंडिया ऑफिसच्या दप्तरामुळें मराठ्यांच्या इतिहासास हें ग्रंथालय किती आवश्यक आहे हें सर्वांस ठाऊक आहे. त्या मधल्या काळांत ज्यानें अनेक सूचींचा एकत्र शोध केला, त्याच्या उत्तरांत लंडन मुकें होतें. यंत्रानें तसें स्पष्ट सांगितलें नाहीं, किंवा सांगितलेलें शोधकानें वाचलें नाहीं, तर ‘लंडन येथें नाहीं’ असा खोटा सिद्धान्त तयार होतो.

दोन, प्रश्नाची भाषा. प्रत्येक सूचीस सूक्ष्म प्रश्न विचारण्याच्या स्वतःच्या सोयी असतात: लिपि, काल, लेखक, नकलकार यांनीं शोध मर्यादित करणें इत्यादि. सर्वांस एकच प्रश्न पाठवावयाचा म्हणजे ज्या सोयी सर्वांस समान तेवढ्याच उरतात, बाकीच्या गळतात.

तीन, लेखनभेद, आणि मराठीच्या बाबतींत हें कारण सर्वांत बलवान् आहे. तंजावर व तंजोर, पुणें व पूना, मराठा व महरट्टा, हे भेद परकीय सूचींत पदोपदीं येतात. सतराव्या शतकांतील इंग्रजी कागदांत तर शिवाजीचें नांव ‘सेवागी’ अशा वळणानें येतें. देवनागरींतही संत व सन्त हे यंत्रास दोन शब्द होऊं शकतात. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र संगणकांत दोन रीतींनीं सांठवितां येतो. डोळ्यांस शब्द एकच दिसतो, यंत्रास मात्र दोन निराळीं वर्णमालिका दिसतात. शिवाय १९६२ सालच्या नियमांनीं जे अनुस्वार गेले ते जुन्या ग्रंथांत व नियतकालिकांत जागोजाग आहेत. हा लेख ज्या जुन्या वळणानें लिहिला आहे, त्या वळणाच्या ‘नांव’ व ‘गांव’ या शब्दांस आजच्या वळणाचा प्रश्न सांपडेलच असें नाहीं. एखादें शोधयंत्र असे भेद आपण होऊन जुळवून घेतें, दुसरें घेत नाहीं. आणि एकत्र आलेल्या उत्तरांत कोणी जुळविले व कोणी नाहींत हें कळावयास मार्ग नसतो. मोडी कागदांची तर गोष्टच बोलूं नये. त्यांचें लिप्यंतर किंवा निदान वर्णन झालें नसेल तर यंत्रास ते नसल्यासारखेच.

(७)

तिसरा दोष परावलंबनाचा. स्वतःची सूची नसल्यामुळें हें यंत्र दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पितें, आणि ओंजळ केव्हांही मिटूं शकते. ‘मेटागेर’ अठ्ठावीस वर्षें चाललें. २०२४ सालीं याहूनें करार संपविल्यामुळें त्याचा जाहिरातींवर चालणारा विनामूल्य शोध बंद पडला व द्रव्य भरणाऱ्यांपुरती सेवा उरली. मायक्रोसॉफ्टनें इतरांस बिंगच्या सूचींतून उत्तरें पुरविणारी आपली पूर्वीची सेवा ११ ऑगस्ट २०२५ रोजीं बंद केली. ज्या साधनाचा पाया असा दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याच्या आजच्या उत्तराचा पडताळा उद्यां घेतां येईल याची शाश्वती नाहीं. संशोधनांत पडताळा हाच प्राण असल्यानें हा दोष केवळ व्यापारी नव्हे.

यास लागूनच हितसंबंधाचा प्रश्न येतो. ‘बुकफाइंडर’ हें यंत्र २००५ सालीं एबीबुक्स या विक्रेत्यांच्या पेढीनें घेतलें, व ती पेढी २००८ सालीं अमेझॉननें घेतली. म्हणजे किंमतींची तुलना करून देणारा व ज्यांची तुलना व्हावयाची त्यांतील एक, हे एकाच छत्राखालीं आले. त्यामुळें तुलनेंत कांहीं गैर झालें असा आमचा आरोप नाहीं. परंतु पंच कोणाच्या घरचा आहे हें खरेदीदारास ठाऊक असावें.

(८)

या सर्व विचारावरून निरनिराळ्या यंत्रांचें तारतम्य ठरवितां येतें. ज्यांत सर्व उत्तरें एका क्रमांत मिसळून दिलीं जातात व उगम झांकला जातो, तीं यंत्रें सामान्य चौकशीस सोयीचीं, संशोधनास अपुरीं. ‘सर्क्सएनजी’ हें मुक्त यंत्र याहून बरें. तें प्रत्येक उत्तराखालीं कोणत्या शोधयंत्रानें तें दिलें हें लिहितें, कोणीं उत्तर दिलें नाहीं हेंही कळवितें, आणि कोणाही जाणत्यास तें स्वतःच्या संगणकावर मांडतां येतें. आमच्या मतें सर्वांत निर्मळ रीति कार्ल्सरुहेच्या सूचीची आहे. ती उत्तरें मिसळीतच नाहीं; ज्या ग्रंथालयाचें उत्तर त्याच्या नांवाखालीं वेगळें ठेवते व वाचकास मूळ नोंदीकडे पाठविते. यामुळें एकच पुस्तक दहा ठिकाणीं दिसतें व वाचणाऱ्यास श्रम पडतात, हें खरें. परंतु हे श्रम म्हणजेच साक्षी तोलण्याचे श्रम होत, आणि ते यंत्रावर सोपविणें म्हणजे संशोधकानें आपलें काम सोडणें होय. आउफ्रेक्टच्या संक्षेपाक्षरांची परंपरा या यंत्रानें राखली आहे. आतां शोधाचीं उत्तरें सलग गद्यांत रचून देणारीं नवीं यंत्रेंही आलीं आहेत. त्यांसही हीच कसोटी लावावी: परत जाण्याची वाट आहे कीं नाहीं?

आमची सूचना अशी आहे. जो लेखक अशा यंत्राच्या आधारें कांहीं विधान करील, त्यानें चार गोष्टी लिहाव्या: यंत्र कोणतें, त्यानें कोणत्या सूचींस विचारलें व त्यांपैकीं कोणत्या मुक्या राहिल्या, शोधाचा दिनांक, आणि शब्दाचे कोणकोणते लेखनभेद वापरले. ‘अनेक ठिकाणीं आढळतें’ असें म्हणण्यापूर्वीं त्या ठिकाणांचें मूळ एक नाहीं ना हें पाहावें. आणि ‘आढळलें नाहीं’ याचा अर्थ ‘आम्हांस, अमुक दिवशीं, अमुक सूचींत आढळलें नाहीं’ इतकाच करावा.

शेवटीं, संग्राहकांस एक विनंति. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं. यंत्र कितीही चतुर असलें तरी ज्या संग्रहाची यादीच झाली नाहीं त्यांतील कागद तें दाखवूं शकत नाहीं. महाराष्ट्रांतील वाड्यांतून, मठांतून व खासगी घरांतून असे किती रुमाल अद्याप सुटावयाचे आहेत हें आमच्या वाचकांहून अधिक कोणास ठाऊक असणार! ज्याच्यापाशीं असा संग्रह असेल त्यानें निदान नांव, विषय, काल, लिपि व पत्रसंख्या एवढें लिहून यादी करावी व एखाद्या संस्थेकडे तिची एक प्रत ठेवावी. शोधयंत्रें येतील व जातील. यादी झालेली असेल तर उद्यांचें कोणतेंही यंत्र तिच्यापर्यंत पोंचेल.